फळत्या झाडाला कुऱ्हाड नको

मी लिंबूचं झाड बोलतोय. झाड म्हणावं असं आता माझ्यात फारसं उरलं नाही. कमरेएवढं खोड आहे, वर तोडलेल्या फांद्यांची थोटकं आहेत, आणि खाली बुडाशी एक गोष्ट आहे. ती शेवटी सांगतो. मला भरभर सांगता येत नाही. मी सांगेन तसं ऐका.

लाखनीहून आत, तलावाच्या काठाला एक टोला होता, थोड्या घरांची वस्ती. मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, घरामागे सांदवाडी म्हणून मोकळं परस. तिथल्या धनीरामच्या सांदवाडीत माझा जन्म झाला. जन्म म्हणजे, मला लावलं. कोणी लिंबं खायला मिळावीत म्हणून लावलं नव्हतं. मला राखणीला लावलं होतं.

त्याचं असं झालं. धनीरामची बायको गोदावरीबाई पहिल्यांदा बाळंत झाली तेव्हा वार सांदवाडीत पुरली होती. कुत्र्यानं ती उकरून नेली. गोदावरीबाई घाबरली, रडली. धनीराम म्हणाला, "कुत्रं हाय ते. त्याले काय समजते?" पुढं ते लेकरू बाळंतिणीचं पहिलं न्हाणं व्हायच्या आतच गेलं. कशानं गेलं कोणाला ठाऊक. पण गोदावरीबाईच्या मनात कुत्रं आणि लेकरू यांची गाठ बसली ती बसलीच.

दुसऱ्यांदा मुलगी झाली. टोल्यातली सुईण बायजाबाई वार पुरायला खड्डा खोदू लागली आणि म्हणाली, "गोदे, वरतून लिंबूचं रोप लाव. याले काटे रायतेत. कुत्रं तोंड घालत नाई."

तेच रोप म्हणजे मी. ही सगळी गोष्ट मला गोदावरीबाईच्या तोंडून कळली. माझ्या बुडाशी बसून ती बेबीला सांगायची. मुलीचं नाव बेबी.

बेबी जगली, मी जगलो. ती रांगायला लागली तेव्हा मी तिच्यापेक्षा उंच होतो. ती धावायला लागली तेव्हा माझ्या काट्यानं तिचा परकर फाटला आणि माय तिलाच ओरडली, "त्याच्या अंगावरून कायले जातेस? तो उभाच हाय तुह्यासाठी." बेबी माझं पान तोडायची, बोटांत चुरायची, नाकाशी धरायची. मोठी झाल्यावरही तिची ती सवय गेली नाही.

माणसं माझ्याकडे दोन वेळांना यायची. कोणी आजारी पडलं की, नाहीतर कोणी काही नवीन घेतलं की. ऊन लागलं, द्या लिंबू. पोरगं ओकतंय, द्या लिंबू. शेजारच्या टिकारामनं नवी सायकल आणली, चाकाखाली ठेवायला द्या लिंबू. एरवी माझ्याकडे कोणी पाहत नसे. मला त्याचं वाईट वाटलं नाही. गोदावरीबाई पाहायची, तेवढं पुरे होतं. दिवेलागण झाली की ती मला हात लावू देत नसे. म्हणायची, "झोपलं आता ते."

बेबीचं लग्न झालं. जावई तुमसरला राईस मिलमध्ये होता. लग्नाच्या मांडवात सगळे बेबीकडे पाहत होते. निघताना तिनं माझं एक पान तोडलं आणि मुठीत धरून बंडीत बसली.

मग सरकारी माणसं आली, साखळी लावून जमीन मोजू लागली. तलावाची पाळ उंच होणार होती. पाणी पसरणार होतं आणि आमचा टोला त्या पाण्याखाली जाणार होता. साल शहाऐंशी. मिरगाच्या आत सगळ्यांनी वरच्या बरडावर, नव्या वस्तीत जायचं असं ठरलं. बरड म्हणजे चढावरचं रान, खाली मुरूम, झाड नाही, सावली नाही.

उन्हाळ्यात घरं मोडायला सुरुवात झाली. आधी कवेलू उतरवले, तणसात, म्हणजे धानाच्या पेंढ्यात, रचून बंडीत भरले. मग फाटे, मग खांब, मग दारं. दार बंडीवर उभं करून नेताना टिकारामनं ते उगीच एकदा उघडलं, लावलं. लोक हसले. वर बरडावर तेच खांब, तेच कवेलू, तेच दार लावून घर पुन्हा उभं राहत होतं. ते पाहून मला वाटलं, आपलंही असंच होईल. इथून उचलतील, तिथं ठेवतील. खांबाला मुळं नसतात हे माझ्या ध्यानात आलं नाही.

त्याच दिवसांत बेबी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरत आले होते. आणि त्या वर्षी मलाही बहार असा आला होता की फांद्या वाकल्या होत्या. हिरवी, कवळी फळं, अजून रस न धरलेली.

टिकाराम म्हणाला, "वयनी, हे कायले नेता वो? तिकडं नवं रोप लावा. दोन-चार सालात लिंबूच लिंबू."

"लिंबू पायजे असते त बाजारात गेली असती," गोदावरीबाई म्हणाली. "हे बेबीचं झाड हाय. हे पाण्याखाली सोडून मी वर जाऊन झोपू?"

टिकारामनं हात जोडले. "बरं माय. झाडाले बंडी देतो. मानसं पायी आले तरी चालते."

मग धनीराम पुढं आला. तो माझ्याभोवती फिरला. बुडाशी बसून मातीत बोटं घातली. वर फळांकडे पाहिलं. धनीरामचं बोलणं माझ्यासारखंच, हळू. बऱ्याच वेळानं म्हणाला, "फांद्या काढा लागते."

"म्हंजे?"

"फांद्या, पानं, फळं. सारं. नुसतं खोड नेवा."

गोदावरीबाई माझ्या आणि त्याच्या मधे येऊन उभी राहिली.

"पऱ्हे मोठे झाले का आपण शेंडे खुडूनच रोवतो का नाई?" धनीराम म्हणाला. "उपटताना मुळं तुटते. मंग खालचे पाणी आननारे थोडे अन् वरचे पिनारे जास्त होतेत. म्हणून खुडा लागते. याचंबी तसंच."

धानाच्या रोवणीला त्यानं जन्मभर तेच केलं होतं. लांब वाढलेल्या पऱ्ह्यांचे, म्हणजे धानाच्या रोपांचे, शेंडे खुडून चिखलात रोवायचे, मग ते जीव धरतात. बरोबर बोलत होता तो. माझी मुळं किती दूर गेली होती ते मला ठाऊक होतं. ती सगळी येणार नव्हती.

"पऱ्ह्याले पोट नाई रायत," गोदावरीबाई म्हणाली.

"बेबीची माय..."

"भरल्या दिवसाची पोरगी घरात बसली हाय अन् तुमी फळतं झाड बोडकं करता? तिच्या वारेवरचं झाड? फळत्या झाडाले कुऱ्हाड लावाची नाई, सांगून ठेवते."

"झाड हाय ते," धनीराम म्हणाला.

गोदावरीबाईचा आवाज एकदम खाली आला. "पयल्या बारीलेबी तुमी असंच बोल्ले होते. कुत्रं हाय ते."

धनीरामच्या हातात कुऱ्हाड होती. ती त्यानं भिंतीला टेकवून ठेवली. त्यानंतर या गोष्टीवर तो एक शब्द बोलला नाही.

मला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं माय, तोड मला. सगळं काढ. मी पुन्हा फुटेन. पण पानं हलली ती वाऱ्यानं हलली असंच तिला वाटलं. ती जवळ आली, एका फांदीखाली हात धरला आणि फळांचं वजन पाहिल्यासारखं करून म्हणाली, "घाबरू नको. कोणी हात लावत नाई तुले."

मग खोदलं. धनीराम आणि टिकारामनं चहूबाजूंनी चर घेतला. गोदावरीबाई वर उभी राहून सांगत होती, माती सांडू नका, माती सांडू नका. बुडाशी मातीचा मोठा गोळा राहू दिला, त्याला ओलं तणस गुंडाळलं, वरून गोणपाट, वरून दोर. सब्बलीचा, म्हणजे पहारेचा, घाव मुळावर बसला की आवाज होत नाही. दगडावर बसला की होतो. त्यामुळे वर उभ्या माणसांना काय तुटतंय ते कळत नाही. तलावाकडे गेलेलं माझं सगळ्यात जाड मूळ तुटलं तेव्हा बेबी ओसरीवर बसून भाकर खात होती.

मला बंडीत आडवं घातलं. बेबीला चढ चढवेना म्हणून तिलाही त्याच बंडीत, माझ्या शेंड्याजवळ बसवलं.

"पाह्य गा धनीरामभाऊ," टिकाराम बैलांना हाकत म्हणाला, "दोन दोन लेकुरवाळ्या घेऊन चाललो. धक्का लागला त दोनी घरच्या शिव्या मलेच."

बेबी हसली. रस्त्यानं फळं गळत होती. ती वाकून उचलायची आणि ओच्यात टाकायची. घर येईपर्यंत तिचा ओचा भरला.

बरडावर खड्डा आधीच खोदून ठेवला होता. मुरूम इतका कडक की सब्बल उडायची. धनीरामनं तलावातला गाळ आणून त्यात घातला, मला उभं केलं, बांबूचा आधार दिला, पाणी ओतलं. करता येण्यासारखं होतं ते सगळं त्यानं केलं. एक सोडून.

आठवडाभरात माझी पानं वळली. मग पिवळी पडली. वर वैशाखाचं ऊन, खाली तुटकी मुळं. जेवढं पाणी खालून येई त्यावर एवढी पानं आणि एवढी फळं तोंड लावून बसलेली. पानं गळली, फळं मात्र राहिली. त्यांना सोडावं तर देठ सुटत नव्हता. गोदावरीबाईला त्याचाच आनंद. "पाह्य, फळ धरून हाय. जीव हाय त्यात." तो जीव नव्हता. पण हे तिला कोण सांगणार?

ती मला पाणी घालू लागली. नव्या वस्तीला एकच बोअरिंग, चढाच्या खाली. माझ्या जागेवरून ते दिसायचं. बायांची रांग, भांड्यांचा आवाज. दुपारनंतर दांडा नुसता खालीवर व्हायचा आणि पाण्याची धार बोटाएवढी यायची. गोदावरीबाई डोक्यावर पितळेचा गुंड घेऊन चढ चढायची आणि अर्धा गुंड घरात, अर्धा माझ्या बुडाशी.

रांगेतली सुंदरबाई एकदा मोठ्यानं म्हणाली, "इथं लेकरायले प्यायले पाणी नाई अन् हे बाई झाडाचं न्हाणं करून राहिली."

"माह्या वाटणीचं घालते," गोदावरीबाई म्हणाली. "तुह्या घरचं नाई." आणि खरंच, त्या दिवसांत ती स्वतः फार कमी पाणी प्यायची. माझ्याजवळ बसली की तिच्या सुकलेल्या ओठांचा आवाज यायचा.

एका संध्याकाळी बेबी माझ्याजवळ आली. नेहमीसारखं पान तोडलं. चुरायला गेली तर त्याचा भुगा झाला. नाकाशी धरला, वास नव्हता.

"माय, हे वाळून राहिलं वो."

"नाई वाळत."

"वाळलं त?"

"तोंडातून असं काढू नको." गोदावरीबाईनं तिला जवळ घेतलं, पोटावरून हात फिरवला. "हे हिरवं हाय तवर तुले काई होत नाई अन् तुह्या लेकराले काई होत नाई. मी पाणी घालते ना?"

तिला धीर द्यायचा होता. बेबीनं तो धीर घेतला नाही. त्या बोलण्यातली भीती तेवढी घेतली. दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी उठली की आधी माझ्याकडे यायची आणि हिरवी पानं शोधायची.

धनीराम आणि गोदावरीबाई एका दुपारी जुन्या टोल्याकडे गेले. कवेलूंची शेवटची खेप राहिली होती. बेबी घरात पडली होती. उन्हात बोअरिंगवर कोणी नव्हतं. मी पाहिलं, बेबी गुंड घेऊन बाहेर आली.

जाताना तिनं एक हात कमरेवर ठेवला होता. खाली पोचली. दांडा हलवायला तिला सगळं अंग टाकावं लागत होतं. गुंड पूर्ण भरला नाही, तरी तिनं तो उचलला. डोक्यावर घेतला नाही, कडेवर घेतला. आली, माझ्या बुडाशी ओतला. थोडा वेळ फांदीखाली उभी राहिली. आणि परत निघाली.

मला एवढंच करता आलं असतं, एक हिरवं पान तिच्यासमोर धरायचं. तेही माझ्याजवळ नव्हतं.

दुसऱ्या खेपेला चढाच्या मध्यावर तिच्या पायाखालचा मुरूम सरकला. ती पुढं पडली नाही, बाजूला बसल्यासारखी पडली, गुंड पोटाशी धरून. ओरडली नाही. बराच वेळ तशीच होती. मग उठली. गुंडात तळाला पाणी उरलं होतं. तेवढं घेऊन ती वर आली आणि माझ्या बुडाशी ओतलं. मग भिंतीला धरून खाली सरकली आणि तिथं तिनं मायला हाक मारली. माय टोल्यात होती.

बायजाबाई आता फार म्हातारी झाली होती. तिला शेजारच्या दोघींनी धरून आणलं. दार लागलं. गोदावरीबाई धावत आली तेव्हा तिच्या लुगड्यावर कवेलूंची लाल धूळ होती. मी बाहेर उभा होतो, मला आत काही दिसत नव्हतं. मी रडण्याची वाट पाहत होतो. बेबीच्या वेळी मी नव्हतो, पण लेकरू आलं की रडतं एवढं मला टोल्यातल्या घरांवरून माहीत होतं. आत बायजाबाई थापट्या मारत होती. तो आवाज बराच वेळ येत राहिला. मग थांबला.

मुलगा होता. रडला नाही.

बेबी वाचली. हे आधी सांगायला पाहिजे होतं. बेबी वाचली.

लहान जिवाला जाळत नाहीत. बायजाबाईनं माझ्या बुडाकडे बोट दाखवलं. "इथंच ठेवा. काटे हायत." धनीरामनं खोदलं. ज्या हातांनी माझ्यासाठी खोदलं होतं त्याच हातांनी, पण फार हळू. फडक्यात गुंडाळलेलं ते एवढंसं होतं. वार त्याच्याशेजारी ठेवली, माती लोटली.

तेव्हा गोदावरीबाई घरातून कुऱ्हाड घेऊन आली.

"राहू दे," धनीराम म्हणाला. "मी तोडतो."

"नाई. मीच."

तिनं माझी एक एक फांदी तोडली. जी बाई दिवेलागणीनंतर माझं एक लिंबू तोडू देत नव्हती तिनं. घाव नीट बसत नव्हते. काट्यांनी तिचे हात फाटले. वाळकी, सुरकुतलेली फळं फांद्यांसकट खाली आली. तिनं त्या काटेरी फांद्या मातीवर आडव्या-उभ्या रचल्या, वर दगड ठेवले, आणि कुठूनही तोंड घालता येत नाही ना हे चहूबाजूंनी हात घालून पाहिलं.

"वाळलं म्हणून गेलं," ती म्हणाली. "पाणी कमी पडलं माह्यानं."

धनीराम तिथंच उभा होता. त्याच्या मनात काय होतं ते मला माहीत आहे. तेच माझ्या मनात होतं. पण तो काही बोलला नाही, आणि तो बोलला नाही म्हणून मी आजही त्याला मानतो.

काही दिवसांनी जावई येऊन बेबीला तुमसरला घेऊन गेला. जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहू नये हेच बरं होतं.

मग पाऊस आला आणि तलाव भरला. इथून सगळं दिसतं. जुन्या टोल्यावर पाणी आहे. चिंचेचा शेंडा तेवढा वर आहे, त्यावर बगळे बसतात. माझं तुटलेलं जाड मूळ त्या पाण्याखाली कुठंतरी आहे.

आता ती बुडाशी असलेली गोष्ट सांगतो.

फांद्या गेल्या, पिणारं कोणी उरलं नाही. उरलेल्या मुळांना जेवढं पाणी मिळत होतं ते सगळं खोडात साठायला लागलं. आणि श्रावणात माझ्या बुडाशी, काट्यांच्या ढिगाला लागून, एक डोळा फुटला. हिरवा. गोदावरीबाईच्या नजरेला पडू नये म्हणून मी त्याला थांबवून पाहिलं. झाडाला ते जमत नाही.

आधी धनीरामनं पाहिला. तो खाली बसला, बोटानं हलकेच शिवला, इकडं तिकडं पाहिलं, आणि एक फुटका कवेलू आणून त्याच्यापुढं उभा केला. शेळीनं खाऊ नये म्हणून, असं कोणालाही वाटलं असतं.

पण फूट कवेलूच्या वर आली. एके दिवशी गोदावरीबाई दगड नीट करायला आली तेव्हा तिला दिसली. तिनं कवेलू बाजूला केला. दोन पानं, तिसरं उघडत होतं. ती तिथंच बसली.

"बेबीचे बाबा, हे कवा फुटलं?"

धनीराम ओसरीवर दोर वळत होता. "झाले काही दिवस."

"काहून फुटलं आता?"

त्यानं दोराला पीळ दिला, सोडला, पुन्हा दिला. "पाणी लागलं त्याले."

"पाणी त मीबी घालत होती."

त्यानं दोराला गाठ मारली. मग म्हणाला, "पावसाचं पाणी येगळं रायते."

गोदावरीबाई खोडाकडे वळली. तिनं हात उचलला आणि माझ्या एका थोटकावर, तिनंच मारलेल्या घावावर ठेवला. अंगठ्यानं ती तो घाव चाचपत राहिली. मग खाली फुटीकडे पाहिलं, पुन्हा वर घावाकडे. तिचा अंगठा थांबला. कवेलू उचलून तिनं होता तसा फुटीपुढं ठेवला आणि ती आत गेली.

त्यानंतर ती माझ्याकडे आलेली नाही.

मला आता जगायचं आहे असंही नाही, नाही असंही नाही. काटे आहेत तोवर माझं काम आहे. म्हणून सरपणाला मला कोणी नेऊ नका. आणि तुम्ही कधी लाखनीकडून या बरडावर आलात, हे हिरवं पाहिलंत, तर झाडांचं तुम्हाला कितीही कळत असलं तरी गोदावरीबाईच्या समोर ते बोलू नका. तिच्या हातचं पाणी प्या, आणि एवढंच म्हणा, यंदा पाऊस चांगला झाला.